ग्राफिक्स कार्डाचा ‘स्थिर’ ओव्हरक्लॉक : एका शब्दाचा बदलत गेलेला अर्थ

१९९९ साली एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स २५६ हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले तेव्हा त्याच्या चिपचा ठरलेला वेग १२० मेगाहर्ट्झ होता आणि गेम हलका असो वा जड, तो तेवढाच राहत असे. त्या काळातील कार्ड ओव्हरक्लॉक करणे म्हणजे रिव्हाट्यूनरसारख्या साधनातून हा आकडा थोडाथोडा वाढवत नेणे आणि पडद्यावर रंगीत ठिपके दिसू लागले किंवा संगणक गोठला की एक-दोन पायऱ्या मागे येणे. ज्या आकड्यावर तासन्‌तास गेम निर्विघ्न चालेल, तो स्थिर.

ही सरळ कसोटी पहिल्यांदा डळमळली ती मेमरीच्या बाबतीत. २००८ साली रेडिऑन एचडी ४८७० या कार्डाबरोबर आलेल्या जीडीडीआर५ मेमरीत, चिप आणि मेमरी यांच्यातील देवाणघेवाणीत चूक आढळल्यास तो डेटा पुन्हा पाठवण्याची सोय होती. त्यामुळे मेमरीचा वेग मर्यादेपलीकडे गेला तरी चित्र स्वच्छच दिसे, मात्र पुन्हा पाठवण्यात वेळ गेल्याने फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढण्याऐवजी घसरू लागे. तेव्हापासून मेमरीची मर्यादा नुसत्या डोळ्यांनी नव्हे, तर प्रत्येक पायरीवर बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे नोंदवून शोधावी लागते.

खरे वळण मात्र मी २०१२ सालचे मानतो. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि म्हणून उत्पादकांना विजेवर लगाम ठेवणे भाग होते. फरमार्कसारख्या चाचण्यांचा भार ओळखून वीज रोखण्याची व्यवस्था एनव्हिडियाच्या २०१० च्या जीटीएक्स ५८० कार्डामध्ये आलीच होती. मार्च २०१२ मध्ये आलेल्या जीटीएक्स ६८० ने त्यापुढे जाऊन जीपीयू बूस्ट आणले, ज्यात मूळ वेग १००६ आणि बूस्ट वेग १०५८ मेगाहर्ट्झ असा जाहीर केला होता, पण प्रत्यक्षातला वेग विजेचा वापर पाहून कार्ड क्षणोक्षणी स्वतः ठरवत असे. आता वापरणारा वेग ठरवत नाही, कार्डाने निवडलेल्या वेगात किती भर घालायची एवढेच ठरवतो.

याचा परिणाम अनेकांच्या उशिरा लक्षात येतो. फरमार्कच्या जड भाराखाली कार्ड वीजमर्यादेला टेकते आणि वेग आपोआप खाली आणते, म्हणजे आपण वाढवलेल्या सर्वोच्च वेगाची परीक्षा तिथे होतच नाही. तोच वेग एखाद्या हलक्या गेममध्ये, कार्ड थंड असताना गाठला जातो आणि चाचणीत तासभर टिकलेले सेटिंग तिथे मिनिटभरात कोसळते.

२०१६ च्या जीटीएक्स १०८० पासून कोणत्या व्होल्टेजला किती वेग हे दाखवणाऱ्या वक्रावरील प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे हलवता येऊ लागला. २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेबरोबर आलेले एनव्हिडिया स्कॅनर हे साधन हा वक्र गणिती चाचणी घेऊन आपोआप तपासते. तरीही त्याने दिलेला वक्र मी जड आणि हलक्या अशा दोन्ही प्रकारच्या गेमवर, आणि कार्ड थंड असताना एकदा तरी चालवून पाहिल्याशिवाय स्थिर म्हणत नाही.