किनारी गावाचा सहभागी आराखडा

कोकण किनाऱ्यावरच्या गावाचा पुढचा काळ कसा असावा, हे रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार), यांत्रिक नौकांचे मालक, मासळी विकणाऱ्या बायका, बागायतदार, निवास-न्याहारीवाले, ग्रामपंचायत आणि सरकारी खाती यांनी एकत्र बसून ठरवण्याची पद्धत. महाराष्ट्रात २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामपंचायत विकास आराखडे होतात, पण त्यांचा भर पाणी, रस्ते, शाळा यांवर असतो. किनारा आणि समुद्र मात्र निरनिराळ्या खात्यांत वाटलेला आहे, आणि भांडणं बहुतेक तिथलीच.

आधी रेषा आखून मग लोकांना बोलावलं की काय होतं, याचं ठळक उदाहरण मालवणचं सागरी अभयारण्य. १९८७ मध्ये ते जाहीर झालं आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध पुढे वर्षानुवर्षं चालू राहिला.

म्हणून सुरुवात वाडीबैठकांपासून करतात. सर्वांना सोयीची एकच तारीख कोकणात सापडत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा नौकावाले मोकळे, पण शेतकरी लावणीत अडकलेले. एप्रिल-मे आंब्याचा, तर दिवाळी ते डिसेंबरअखेर पर्यटनाचा हंगाम. प्रत्येक गटाची बैठक त्याच्या सवडीने वेगळी घेणंच बरं. मासळीवाल्या बायकांची बाजार आटोपल्यावर, दुपारनंतर. चाकरमानी गणपतीत किंवा शिमग्यात भेटतात; त्यांना वगळून चालत नाही, कारण सामाईक सातबाऱ्यावर त्यांचीही नावं असतात आणि विहिरीसाठी किंवा पाखाडीसाठी (पायऱ्यांच्या वाटेसाठी) जागा देताना एकाची सही राहिली तरी काम अडतं. बागेतले नेपाळी राखणदार आणि नौकांवरचे परगावचे खलाशी गावचे मतदार नसल्याने ग्रामसभेत दिसत नाहीत. त्यांना मुद्दाम गाठावं लागतं.

या बैठकांत जमिनीवर रांगोळीने किंवा वाळूत नकाशा काढतात: होड्या कुठे ओढतात, मासळी कुठे सुकवतात, उधाणाचं पाणी कुठून आत येतं. रापणीची जागा तर पावलांनी मोजून घ्यावी. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला लावते, आणि दोन्हीकडची माणसं ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. मधे जलक्रीडेची एक नांगरलेली बोट असली तरी जाळं अडकतं. त्यामुळे 'किनारा सर्वांचा' असं लिहून भागत नाही. कोणता पट्टा, कोणते महिने, कोणत्या वेळा, हे लिहावं लागतं.

छापील नकाशा इथे फसवतो. १:२५,००० प्रमाणात २०० मीटर म्हणजे जेमतेम ८ मिलिमीटर, पेन्सिलची रेघच काही मीटर खाते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, इतरत्र २०० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा आहे. दाट वस्तीलाही ५० मीटरची सवलत विचारविनिमयाने केलेला किनारा आराखडा मंजूर झाल्यावरच मिळते. घर रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे गाव नकाशाच्या प्रमाणातच पाहावं.

मसुदा आधी महिला ग्रामसभेत, मग ग्रामसभेत ठेवतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी संख्या. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! मोजक्या डोक्यांत ठराव संमत करून घेण्याची वाट इथूनच निघते. दुसरी नेहमीची खोट म्हणजे खात्यांनी निर्णयाचा अधिकार नसलेला कर्मचारी पाठवणं. तो फक्त 'वर कळवतो'. येणाऱ्याचं पद आमंत्रणातच ठरवून घेतलेलं बरं.

पावसाळ्यात वाळू सरकते, खाडीचं मुख हलतं. किनाऱ्यावरच्या पट्ट्यांच्या खुणा दर वर्षी पाऊस ओसरल्यावर, दोन्ही बाजूंचे लोक हजर ठेवून, नव्याने रोवाव्या लागतात.