एका डोळ्याची दुर्बीण की दोन डोळ्यांची?

फिनिक्सहून मावसभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. ॲरिझोनातल्या सोडतीत दादाला हरणाच्या शिकारीचा परवाना लागला होता. तिकडे त्याला ‘टॅग’ म्हणतात. मावशीला हे अजून माहीत नाही आणि या लेखातून कळू नये अशी आशा आहे. दादाचा प्रश्न सरळ होता. “अरे, तू इतकी वर्षं पक्षी बघायला भिगवणच्या चिखलात दुर्बीण घेऊन बसतोस. सांग, पंधरा पटीची मोठी दुर्बीण घेऊ की स्पॉटिंग स्कोप? दुकानातला माणूस म्हणतो, दोन्ही लांबचं बघायलाच असतात.”

दुकानातला माणूस खोटं बोलत नव्हता. पण विळीनेही कापता येतं आणि कात्रीनेही, तसलं ते उत्तर होतं. आपल्या भाषेने तर या गोंधळात भरच घातली आहे: गळ्यातली ती दुर्बीण, ग्रह बघायची ती दुर्बीण, आणि ट्रायपॉडवरची एका डोळ्याची तीही दुर्बीणच. त्यात बंदुकीवर बसवलेली चौथी. तिचं आधीच निपटतो. ती नेम धरायला असते, शोधायला नव्हे. तिच्यातून झुडूप न्याहाळायचं म्हणजे बंदुकीची नळी त्या झुडपावर रोखायची, आणि झुडपामागे दुसरा माणूसही असू शकतो.

दादाच्या प्रश्नातल्या दोघींपैकी पहिली मोठी दुर्बीण, म्हणजे १५×५६ सारखी. १५ म्हणजे पट, ५६ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. वजन सव्वा किलोच्या आसपास. दुसरा स्पॉटिंग स्कोप: एकच नळी, पुढे ६५ ते ९५ मिलिमीटरचं भिंग, मागे साधारण २५ ते ६० पटींचा झूम आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग. ८५ मिलिमीटरचा चांगला स्कोप दोन किलोच्या घरात जातो. दोन्ही ट्रायपॉडवरच वापरायच्या. हातात धरलेल्या पंधरा पटीत आपले हृदयाचे ठोकेही दिसतात.

फरक कळायला शिकाऱ्यांकडेच जावं लागतं. दादाला मिळालेलं हरीण ‘कूज’. एलियट काउझ या लष्करी डॉक्टर आणि पक्षितज्ज्ञाच्या नावावरून हे नाव पडलं. शिकाऱ्यांच्या तोंडी काउझचं कूज झालं. दक्षिण ॲरिझोनात आणि पलीकडे मेक्सिकोत ओक-ज्युनिपरच्या टेकड्यांवर राहणारं हे लहानखुरं, राखाडी जनावर. खडकाच्या रंगात असं मिसळतं की चालत गेलात तर ते तुम्हाला आधी बघतं. म्हणून तिथले जाणते शिकारी चालत नाहीत. समोरच्या टेकडीकडे तोंड करून बसतात, १५×५६ ट्रायपॉडवर लावतात आणि शेतात नांगराने तासामागून तास घालत जावं तसा उतार डावीकडून उजवीकडे विंचरून काढतात. मग एक पट्टा खाली सरकायचं आणि परत. दोन-तीन तास. हरीण दिसत नाही. झुडपाखाली हललेला कान दिसतो किंवा पाठीची आडवी रेघ दिसते.

या कामाला दोन डोळे लागतात. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की फिक्या रंगांतला फरक एका डोळ्यापेक्षा चांगला कळतो, साधारण चाळीस टक्क्यांनी. आणि एक डोळा मिटून तासभर बघणं किती कठीण, ते घड्याळदुरुस्ती करणाऱ्याला विचारा. शिवाय पंधरा पटीच्या दुर्बिणीत हजार मीटरवरचा जवळजवळ ऐंशी मीटर रुंदीचा तुकडा एका वेळी दिसतो. स्कोप २५ पटींवर ठेवलात तर चाळीसेक मीटर, ६० वर जेमतेम तेवीस. एवढ्याशा भोकातून टेकडी शोधणं म्हणजे किल्लीच्या भोकातून वाड्याचं अंगण बघणं.

आता अलास्कात जाऊ. तिथे पांढऱ्या डॉल मेंढ्याची शिकार होते, आणि बऱ्याच भागांत नियम असा की शिंगाने पूर्ण वेटोळं घेतलेलं असलं पाहिजे, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली असली पाहिजेत, किंवा मेंढा निदान आठ वर्षांचा असला पाहिजे. वय कसं ओळखायचं? शिंगावर दर हिवाळ्याला पडणारी कडी मोजून. पांढरा मेंढा हिरव्या उतारावर साध्या दुर्बिणीतही दोन किलोमीटरवरून दिसतो. शोधण्याचा प्रश्नच नाही, ठरवण्याचा आहे. चुकलात तर गुन्हा. इथे पंधरा पट कामाचे नाहीत, इथे स्कोपच.

शोधायचं आहे की ठरवायचं आहे, हा पहिला प्रश्न. दादाने तो स्वतःला विचारलाच नव्हता. मीही सुरुवातीला विचारला नव्हता, म्हणून माझ्याकडे एक स्कोप वर्षभर कपाटात पडून होता.

आता त्या ६० पटींचं. जाहिरातीत हा आकडा मोठा असतो, म्हणून थोडं गणित. चांगल्या नजरेला एक किलोमीटरवरून साधारण तीस सेंटिमीटर अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. पंधरा पटीत ते दोन सेंटिमीटर होतं, चाळीस पटीत सात-साडेसात मिलिमीटर, साठ पटीत पाच. पण ८० मिलिमीटरच्या भिंगाची, कितीही महाग असो, प्रकाशाच्या स्वभावामुळेच एक मर्यादा असते: किलोमीटरवर सुमारे सात मिलिमीटर. म्हणजे चाळीस पटीपर्यंत भिंग देतं आणि डोळा घेतो. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण नवीन फारसं काही दिसत नाही.

आणि हे सगळं हवा स्वच्छ आणि शांत असेल तर. सकाळी दहानंतर ऊन चढलं की जमिनीलगतची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. आपल्याकडे मृगजळ हा शब्द कवितेला दिला आहे, पण स्कोपवाल्याला तो रोज भेटतो. त्या वेळी ६० पट लावले तर मृगजळच साठ पट मोठं होतं. मी तेव्हा २५-३० वर येतो, नाही तर चहा प्यायला जातो.

संध्याकाळी वेगळी अडचण. भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ आयपीसमधून बाहेर पडतं. १५×५६ मध्ये ते ३.७. ८० मिलिमीटरचा स्कोप ६० पटीवर असेल तर १.३. संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली चार-पाच मिलिमीटर उघडलेली असते, आणि जनावरं नेमकी तेव्हाच बाहेर पडतात. स्कोपमध्ये चित्र काळवंडतं, दुर्बिणीत अजून वीस मिनिटं मिळतात. स्कोप २० पटींवर आणला तर वर्तुळ ४ होतं, पण मग तो जवळजवळ दुर्बीणच झाला, तीही एका डोळ्याची.

मग महागडं घेताना पैसे कशाचे जातात? दोघींत वेगवेगळ्या गोष्टींचे, आणि लोक इथेच फसतात. मोठ्या दुर्बिणीत तुम्ही मुख्यतः दोन नळ्या तंतोतंत समांतर असण्याचे पैसे देता. आठ पटीत खपून जाणारी किंचित तिरपी नळी पंधरा पटीत डोकं धरायला लावते. डोळे दोन चित्रं जुळवत बसतात आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकतं. स्वस्तातली २०×८० घेऊन ‘मला दुर्बिणीचा त्रास होतो’ म्हणणारे बरेच भेटतात. त्रास दुर्बिणीचा नसतो, न जुळलेल्या नळ्यांचा असतो. स्कोपमध्ये हा प्रश्नच नाही. तिथे पैसे जातात काचेत. पट वाढले की उजळ आकाशासमोरच्या शिंगाला किंवा चोचीला जांभळी-हिरवी किनार दिसू लागते, आणि ती मारायला खास काच लागते. काही स्कोपमध्ये, उदाहरणार्थ कोवाच्या ८८ मिलिमीटरच्या वरच्या मालिकेत, फ्लोराइट स्फटिकाचं भिंग असतं. म्हणून मध्यम दर्जाची १५×५६ बऱ्यापैकी चालते, पण मध्यम दर्जाच्या स्कोपचे वरचे वीस पट बहुधा फक्त डब्यावर छापलेले असतात.

दोन्ही एकत्र करण्याचा प्रयत्नही झाला आहे. ऑस्ट्रियातल्या स्वारोव्स्कीने २०१७ मध्ये आपल्या स्कोपच्या पुढच्या भिंगांना लागेल असा दोन डोळ्यांचा मागचा भाग काढला: ८५ च्या भिंगावर ३० पट, ९५ वर ३५. मी एकदा दुसऱ्याच्या ट्रायपॉडवर त्यातून पाहिलं आणि परत द्यायला जीव होत नव्हता. पण त्यात झूम नाही, प्रकाश दोन डोळ्यांत वाटला जातो, आणि किंमत व वजन दोन्ही खांद्यावर बसतात. डोंगर चढायचा असेल तर नको.

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद केली, तरी प्रश्न तेच आहेत. फेब्रुवारीत हिमबिबट्या बघायला लडाखला जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ. तिथले स्थानिक वाटाडे समोरची धार आधी दोन डोळ्यांनी विंचरतात. दगडासारखं काही संशयास्पद दिसलं की मगच स्कोप त्याच्यावर लावतात आणि पाहुण्यांना रांगेत उभं करतात. रांगेसाठी मात्र स्कोपच बरा, त्यातही वाकड्या आयपीसचा: उंच-ठेंगणे सगळे ट्रायपॉड न हलवता बघू शकतात. सरळ आयपीस गाडीच्या खिडकीतून बघायला आणि पटकन रोख धरायला सोयीचा.

भिगवणला उलटं. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी शोधायला काही लागत नाही. पण काठच्या चिखलात दीडशे मीटरवर चिमणीएवढे टिलवे पळत असतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर हिरवट. पायांना चिखल लागलेला असला की दोन्ही काळे. मग छातीचा रंग बघायचा, पाठीवरची नक्षी बघायची, आणि हे सगळं तो पळत असताना. इथे दहा पटीची दुर्बीण गळ्यात आणि स्कोप ट्रायपॉडवर, याला पर्याय नाही. पंधरा पटीची मोठी दुर्बीण इथे मला कधी आठवलीही नाही.

दादाला मी सांगितलं: १५×५६ घे, चांगली घे, आणि उरलेल्या पैशांत ट्रायपॉड. त्याने ट्रायपॉडला नाकं मुरडली. दोन-अडीच हजार डॉलरची दुर्बीण घेणारी माणसं लग्नातल्या व्हिडिओवाल्याने टाकून दिलेल्या ट्रायपॉडवर ती लावतात, हे मी इथेही पाहिलं आहे. वाऱ्यात ट्रायपॉड थरथरला की पंधरा पटींतले पाच-सहा गेलेच समजा. मऊ फिरणारं हेड हवं, आणि बसून वापरता येईल इतका तो खाली आला पाहिजे. मधली दांडी उंच करून उभं राहून बघायचं नाही. चश्मा असेल तर आयपीसपासून डोळा सोळा-सतरा मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसतं का, ते दुकानातच तपासायचं. दादाला चश्मा आहे, आणि हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं.

परवा त्याने फोटो पाठवला. ट्रायपॉडवर दुर्बीण, मागे पिवळी टेकडी, खाली ओळ: “नर आहे, मधल्या झाडाच्या डावीकडे.” मी फोटो ताणून ताणून पाहिला. मधलं झाडसुद्धा नक्की कुठलं, ते अजून ठरत नाहीये.