बॅलट: गोळीपासून मतपत्रिकेपर्यंत

ईव्हीएमवर शंका आली की ‘बॅलटवर निवडणूक घ्या’ ही मागणी ठरलेलीच. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने तर स्वतःच मतपत्रिका छापून गावापुरतं फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं. पोलीस बंदोबस्तापुढे ते बारगळलं. आपल्या बोलण्यात बॅलट म्हणजे कागद. खरं तर यंत्राच्या ज्या भागावर आपण बटण दाबतो, त्याचंही अधिकृत नाव बॅलट युनिटच आहे.

मुळात या शब्दात कागद नाहीच. ‘बॅलोत्ता’ म्हणजे इटालियनमध्ये छोटी गोळी. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात उमराव मंडळी पेटीत गोळी टाकून मत देत. गोळ्या कापडाच्या असत, म्हणजे कुठल्या कप्प्यात पडली हे आवाजावरून कळायला नको. इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात उचलला. इंग्लंडमधल्या क्लबांमध्ये नवा सभासद नको असेल तर काळी गोळी टाकायची पद्धत होती. ‘ब्लॅकबॉल’ करणं हा वाक्प्रयोग त्यातूनच आला.

गोळीचं मतदान अजून टिकून आहे ते पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा, त्याच्या रंगात रंगवलेला पत्र्याचा पिंप. मतदार वरच्या नळीतून काचेची गोटी सोडतो, आतली घंटा वाजते आणि मत पडल्याचं बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला कळतं. दोनदा वाजली तर पकडला गेलाच. घंटेचा घोळ नको म्हणून केंद्राजवळ सायकलींना मज्जाव असतो. व्हेनिसला आवाज नको होता, गांबियाला हवा आहे. पण कुणाला मत दिलं, हे दोन्हीकडे झाकलेलंच. २०२१ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतही गोट्याच वापरल्या गेल्या.

ब्रिटनमध्ये मात्र १८७२ पर्यंत मत चारचौघांत मोठ्याने सांगावं लागे. कुणी कुणाला मत दिलं याची पुस्तकं छापली जात. मग जमीनदाराची कुळं आणि गिरणीतले कामगार कुणाला मत देणार, हे वेगळं सांगायला नको. कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्टांनी १८३८ च्या सनदेत गुप्त मतदान मागितलं होतं, पण आधी ते आलं ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत, १८५६ साली. सरकारने छापलेली मतपत्रिका आणि आडोसा ही आपल्या ओळखीची व्यवस्था तिथे आकाराला आली. ब्रिटनने १८७२ मध्ये बॅलट कायदा केला आणि त्याखालची पहिली पोटनिवडणूक ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्टला झाली. गाव ज्येष्ठमधाच्या मिठाईसाठी प्रसिद्ध. पेटीवर लाखेची मोहोर उठवली तीही मिठाईच्या कारखान्यातल्या ठशाने!

आपल्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवाराचं नावच नव्हतं. एक रुपयाच्या नोटेएवढा तो कागद नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह. शिक्का मारायचा नाही, नुसता कागद आत सारायचा. म्हणजे रीत गोळीचीच, फक्त गोळीच्या जागी कागद. लोखंडी पेट्यांपैकी १२ लाखांहून अधिक एकट्या गोदरेजने विक्रोळीत बनवल्या. या पद्धतीत एक भोक होतं: कोरा कागद खिशात घालून बाहेर आणता येई आणि विकताही येई. नावं-चिन्हं असलेल्या एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आली.

एवढ्या खटपटीने मिळवलेली गुप्तता एका ठिकाणी आपण मुद्दाम काढून टाकली आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर राज्यसभेसाठी आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. याला म्हणायचं ‘ओपन बॅलट’! कारण दिलं घोडेबाजाराचं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते मान्य केलं. विधान परिषदेला मात्र आमदारांचं मतदान गुप्तच. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात दहा दिवसांच्या अंतराने दोन्ही निवडणुका झाल्या. राज्यसभेच्या वेळी शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद झालं, कारण मतपत्रिका दाखवताना ती इतरांनाही दिसली असा आक्षेप होता. २० जूनला विधान परिषदेला आघाडीची मतं फुटली, काँग्रेसचा एक उमेदवार पडला. कोण फुटलं, हे मतपत्रिकेवरून कुणालाच सिद्ध करता आलं नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला निघाले.