संगणकाने देवाचे अस्तित्व सिद्ध केले का?

२०१३ पासून एक समज पसरलेला आहे की, कुर्ट गोडेल या थोर तर्कशास्त्रज्ञाची देवाच्या अस्तित्वाची सिद्धता संगणकाने तपासून खरी ठरवली. यातला पूर्वार्ध बरोबर आहे. घोळ आहे तो ‘खरी’ या शब्दात.

क्रिस्टोफ बेंझम्युलर आणि ब्रुनो वोल्ट्सेनलोगेल पालेओ या संशोधकांनी संगणकाकरवी तपासले ते एवढेच, की ठरावीक गृहीतके मान्य केल्यास निष्कर्ष अटळपणे निघतो की नाही. तो निघतो. पण ‘सर्व मासे उडतात, रोहू हा मासा आहे, म्हणून रोहू उडतो’ हा युक्तिवादही याच अर्थाने निर्दोष आहे! ‘अनिवार्य अस्तित्व (म्हणजे कोणत्याही परिस्थितीत असणेच) हा सकारात्मक गुण आहे’ हे गोडेलचे गृहीतक मानायचे की नाही, याचा निवाडा यंत्र करत नाही आणि करूही शकत नाही.

गंमत म्हणजे, गोडेलने १९७० मध्ये लिहिलेली मूळ गृहीतके परस्परविसंगत असल्याचे पुढे अशाच एका संगणकीय प्रणालीने दाखवले, आणि विसंगत गृहीतकांतून तर वाटेल ते सिद्ध करता येते. तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांनी एका व्याख्येत किंचित बदल करून मांडलेली आवृत्ती मात्र सुसंगत आहे. तिच्यावरचा खरा गंभीर आक्षेप तत्त्वज्ञ जॉर्डन होवर्ड सोबेल यांनी १९८७ मध्येच घेतला होता: ही गृहीतके स्वीकारली, तर जे जे सत्य आहे ते ते अनिवार्यच ठरते आणि कोणतीही गोष्ट वेगळी घडण्याची शक्यताच उरत नाही. ही किंमत आस्तिकांनाही परवडणारी नाही.