चकवणारा खेळ आणि रंगणारा खेळ

समोरचा चकला की खेळ जमला, अशी जादू शिकणाऱ्या बहुतेकांची पक्की समजूत असते. सांगली-मिरजेत गणपती मंडळांच्या स्टेजवर, शाळेच्या गॅदरिंगला, पोरांच्या वाढदिवसाला जादू करणारी जी हौशी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, त्यांची पिशवी याच समजुतीवर भरलेली असते. युट्यूबवर एखादा खेळ बघून आपण स्वतः चकलो की तो मागवायचा, महिनाभर घोटायचा आणि लोकांपुढं न्यायचा. लोक चकतातही. पण टाळ्या बेताच्याच पडतात आणि खापर फुटतं ते प्रेक्षकांवर: 'इथल्या लोकांना जादूतलं काही कळत नाही.'

मला हे अजिबात पटत नाही. लोकांना कळायचं ते नीट कळलेलं असतं. चकवणारा खेळ वेगळा आणि रंगणारा खेळ वेगळा, हे आपल्याच ध्यानात येत नाही, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीत रुमाल, नाणी, पत्ते, दोन्हीत शेवटी काहीतरी अशक्य घडतं.

चकवणाऱ्या खेळाचा घरोघरचा नमुना म्हणजे २१ पत्त्यांचा खेळ. ७-७ पानांच्या ३ रांगा लावायच्या. समोरच्यानं मनात एक पान धरायचं आणि ते कुठल्या रांगेत आहे एवढंच सांगायचं. ती रांग बाकीच्या दोघींच्या मध्ये घेऊन पानं गोळा करायची आणि पुन्हा वाटायची. तिसऱ्या वाटपानंतरही तेच केलं की धरलेलं पान बरोबर ११ वं लागतं. सगळं गणित आहे, हातचलाखी लागतच नाही, म्हणून नवशिक्याला हा खेळ फार भरवशाचा वाटतो. समोरचा चकतोच. पण तोपर्यंत त्यानं एकेक करून ६३ वेळा पान खाली पडताना पाहिलेलं असतं आणि तीनदा 'कुठली रांग?' ऐकलेलं असतं. शेवटी 'हे तुझं पान' म्हटल्यावर तो म्हणतो, 'हां, बरोबर. कसं केलंस?' त्याच्यापुढं एक हिशेब सुटलेला असतो. हिशेब बरोबर आला म्हणून टाळ्या कोण वाजवणार?

आता याच्या अगदी उलटा खेळ बघा. टोनी स्लायडिनी नावाच्या इटलीत जन्मलेल्या, अमेरिकेत नाव कमावलेल्या जादूगारानं तो गाजवला. एका प्रेक्षकाला स्टेजवर खुर्चीत बसवायचं, कागदाचा बोळा त्याच्या डोळ्यांसमोर मुठीत धरायचा आणि मूठ उघडली की बोळा गायब. बोळा कुठं गेला हे खुर्चीतला माणूस सोडून सगळ्या सभेला दिसत असतं. म्हणजे समोर दोनशे माणसं असतील तर चकला एकच.

सांगलीत गावभागातल्या एका मंडळात हा खेळ झाला तेव्हा खुर्चीत एक निवृत्त मास्तर बसले होते. पहिला बोळा गेला. मास्तरांनी जादूगाराच्या दोन्ही बाह्या स्वतः चाचपल्या. दुसरा गेला. तोवर पुढं सतरंजीवर बसलेली पोरं 'सर, मागं बघा की! मागं!' म्हणून ओरडायला लागली होती. मास्तरांनी पोरांना हातानं गप्प केलं आणि टोपी काढून आत पाहिलं. त्या टोपी काढण्यावर जो हशा झाला तो कुठल्याही पत्त्याच्या करामतीवर होताना मी पाहिलेला नाही. शेवटी जादूगारानं त्यांना हाताला धरून उठवलं, खुर्चीमागचा बोळ्यांचा ढीग दाखवला आणि आधी स्वतः वाकून नमस्कार केला. हा नमस्कार मला फार महत्त्वाचा वाटतो. या खेळात माणसाचं हसं व्हायला वेळ लागत नाही. खुर्चीत कोणाला बसवायचं आणि त्याला मानानं खाली कसं पाठवायचं, हेच यातलं खरं कौशल्य. ज्याच्या स्वभावात ते नाही त्यानं हा खेळ घेऊ नये, हात कितीही तयार असोत.

युक्ती जवळजवळ उघडी असूनही खेळ रंगतो, याचं सांगलीकरांना तरी नवल वाटायला नको. १८४३ साली याच गावात, पटवर्धनांच्या दरबारी आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन करतो तो त्याचाच. धनुष्य कोण उचलणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी लोक बघत बसले. शेवट काय होणार याचं कोडं घालून कोणी त्यांना धरून ठेवलं नव्हतं. जादूत शेवट झाकलेला असतो हे खरं, पण माणसं थांबतात ती मधल्या घडामोडीसाठी. कोण अडचणीत सापडलं, कोणाची वस्तू पणाला लागली, आता याचं कसं होणार, हे त्यांना बघायचं असतं.

चकवणं बिनमहत्त्वाचं आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जिथं युक्ती झाकायची आहे तिथं ती पुरती झाकलीच पाहिजे. बाहीतून निम्मं बाहेर आलेलं फूल कुठल्याही बोलण्यानं सावरत नाही. बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांच्याकडं दोन्ही होतं. कार्यक्रमभर ते मधूनच एक लोटा उचलून पालथा करायचे, पाणी संपायचं, आणि थोड्या वेळानं त्याच लोट्यातून पुन्हा पाणी. 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणून तो लोटा ओळखला जायचा. एकदा पाहून तो फक्त चकवतो, पण कार्यक्रमात पुन्हा पुन्हा आला की लोक त्याची वाट बघायला लागतात. १९५६ साली बीबीसीच्या थेट कार्यक्रमात त्यांनी करवतीनं मुलगी कापली. ती पुन्हा धडधाकट उठायच्या आतच कार्यक्रम संपवला गेला आणि मुलगी खरोखर मेली की काय म्हणून घाबरलेल्या लोकांच्या फोनचा बीबीसीत पाऊस पडला. त्या फोनवर 'कसं केलं' असं विचारणारे नव्हते. सगळ्यांना काळजी होती ती मुलीची.

हुडिनी आणि डाय व्हर्नन यांची गोष्ट जादूगारांच्या गप्पांत हमखास निघते. हुडिनी म्हणायचा, तोच खेळ मला तीनदा दाखवा, मी युक्ती ओळखतो. १९२२ साली शिकागोत तरुण व्हर्नननं त्याला पत्त्याचा एक खेळ दाखवला. हुडिनीनं आद्याक्षरं लिहिलेलं पान कॅटमध्ये वरच्या पानाखाली घातलं की पुन्हा वर. पुन्हा पुन्हा दाखवूनही हुडिनीला ते उमगलं नाही, आणि व्हर्नन 'हुडिनीला चकवणारा माणूस' म्हणून जादूगारांत कायमचा मोठा झाला. तो मोठा होताच. पण मारुती चौकात उभं राहून कोणालाही विचारा, नाव ऐकलेलं निघेल ते हुडिनीचं. हा हुडिनी उमेदवारीच्या काळात स्वतःची जाहिरात 'पत्त्यांचा राजा' अशी करायचा, आणि तेव्हा त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. बेड्या, कुलपं, तुरुंगाच्या कोठड्या हाती घेतल्यावर त्याचं नशीब फिरलं. बेडी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि अंगापिंडानं घट्ट, ईर्ष्येला पेटलेला तो माणूस बेड्यांत शोभला. हातात पत्ते घेतल्यावर तो चारचौघांसारखाच दिसायचा.

खेळ माणसाला शोभणं हा मुद्दा मला चकवण्या-रंगण्यापेक्षाही मोठा वाटतो. कारण रंगणारा खेळ तसाच्या तसा उचलून दुसऱ्याच्या हातात दिला की रंगेलच, याची हमी नसते. चकवणारा खेळ मात्र बिनधास्त हस्तांतरित होतो, २१ पत्ते कोणीही लावले तरी ११ वं पान तेच येतं. कार्डिनी नावाचा वेल्समधला जादूगार एका डोळ्याची काच लावून, झोकदार कोटात, किंचित झिंगलेल्या साहेबासारखा यायचा. पत्ते आणि पेटत्या सिगारेटी त्याच्या बोटांत आपोआप उगवायच्या आणि त्याचा वैताग त्यालाच व्हायचा. त्या सोंगामुळं हातचलाखीला कारण मिळालं. तेच पत्ते एखादा अठरा वर्षांचा कॉलेजकुमार गंभीर चेहऱ्यानं हवेतून काढतो तेव्हा दिसतो तो फक्त रियाज.

इथलंच एक उदाहरण देतो. माझ्या एका मित्राच्या घरी हळदीची अडत. जुन्या काळी अडतीवर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. त्यानं नाणं गायब करण्याचा एक फार जुना खेळ घेतला. १० रुपयांचं नाणं रुमालाखाली धरायचं, चार-पाच जणांनी आळीपाळीनं रुमालात हात घालून नाणं आहे ना हे चाचपायचं, मग रुमाल झटकायचा, नाणं नाही. त्यानं याचा सौदा केला. 'या काका, हात घाला. माल बघा. बोला भाव!' एकेक जण रुमालात हात घालतो, नाणं चाचपतो आणि भाव बोलतो. कोणी अकरा, कोणी पंधरा, एखादी आज्जी 'पाचाच्या वर देणार नाही' म्हणून ठणकावते, आणि सभा तिच्या बाजूनं. शेवटच्या बोलीवर मित्र म्हणतो, 'सौदा फिसकटला,' आणि रुमाल झटकतो. नाणं निघतं ते पहिल्यापासून आज्जीच्याच हातात धरायला दिलेल्या हळदीच्या पुडीत, पिवळंधमक होऊन.

युक्ती इतकी साधी की जाणकार हिला खेळच मानत नाहीत. आमच्यातल्या एकानं नंतर विचारलंही, 'नाण्यावर सही का घेतली नाहीस?' प्रश्न रास्त आहे. सही घेतली तर चकवणं कडक होईल. पण सहीसाठी पेन शोधा, टोपण उघडा, शाई वाळू द्या, यात बोली थंडावते. मला विचाराल तर सही नको. दोन दिवसांनी आज्जी शेजारणीला काय सांगेल? 'माझ्या हातातल्या पुडीतनं त्याचं नाणं निघालं, हळदीनं माखलेलं.' एका वाक्यात सांगता येतं, आणि त्यात ती स्वतः आहे. खेळ निवडताना मी हीच परीक्षा लावतो. घरातल्या, जादूचा गंध नसलेल्या कोणाला तरी दाखवायचा आणि दोन दिवसांनी 'काय बघितलंस?' विचारायचं. 'पत्ते काढले, मग परत घातले, मग काहीतरी मोजलं…' असं उत्तर आलं तर तो खेळ स्टेजसाठी नाही.

हाच सौदा दुसऱ्या एकानं शब्दन् शब्द पाठ करून केला. शांत, हळू बोलणारा माणूस, पेशानं शिक्षक. लोकांनी सौजन्यानं पाहिला, बस. त्याला पुस्तकातला शब्द ओळखायचा खेळ शोभतो. कोणीतरी पान उघडतं, शब्द मनात धरतं आणि हा शांतपणे फळ्यावर लिहितो. तिथं त्याचं हळू बोलणं कामाला येतं.

मन ओळखण्याच्या खेळांबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. शेजारच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात, पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीननं काडीविना आग पेटवतात आणि मग त्यामागचं रसायन सांगतात. त्यांचं काम युक्ती उघडी करण्याचं, आपलं ती झाकण्याचं. पण ही विद्या सिद्धीची नाही, हे दोघांनीही सांगायचं असतं. एखादा गंभीर चेहऱ्याचा माणूस खेड्यात मन ओळखतो तेव्हा कार्यक्रमानंतर कोणीतरी हात पुढं करून भविष्य विचारतंच. 'ही हातचलाखी आहे, मला दुसरं काही येत नाही' हे माइकवरून, कार्यक्रम चालू असतानाच ज्याला सांगता येईल त्यानंच हे खेळ करावेत.

जागेचं थोडक्यात सांगतो. मंडळाच्या स्टेजला मागची बाजू नसते, तिथंही पोरं चढलेली असतात. शिवाय वारा असतो आणि साउंडवाल्याचं लक्ष दुसरीकडं असतं. बदामची सत्ती की चौकटची, हे पाचव्या रांगेत कोणाला दिसत नाही, आणि काही घरांत कॅट म्हटलं की जुगारच आठवतो. लहान मुलांपुढं रंग उमटणारं चित्रांचं पुस्तक आजही चालतं. जाणकार त्याला नाक मुरडतात, मुलं फुंकर मारायला धावतात. घरगुती बैठकीत, चहाच्या टेबलाभोवती चार-सहा जण असतील तर तेच पत्ते रंगतात, कारण तिथं पान प्रेक्षक स्वतः पिसतो आणि स्वतःच उलटतो. अर्ध्या तासाला पाच खेळ पुरतात. शेवटच्या खेळात प्रेक्षकांतलं कोणीतरी स्टेजवर असावं आणि शेवटची वस्तू त्याच्या हातात उघडावी.