टाळ्या थांबल्यावर मेंदूत काय होतं?

रॉबी विल्यम्स १९९० मध्ये ‘टेक दॅट’ या ब्रिटिश बँडमध्ये आला तेव्हा तो १६ वर्षांचा होता. मायकेल जॅक्सन तर त्याहूनही लहानपणी जगप्रसिद्ध झाला. मोठेपणी दोघंही मागं वळून बोलले. रॉबी नैराश्य आणि व्यसनांबद्दल बोलला, मायकेल हरवलेल्या बालपणाबद्दल. सगळं मिळालेल्या माणसांना कसलं दुःख, असं आपण पटकन म्हणून जातो. मेंदूचा हिशेब मात्र वेगळा असतो.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस देऊन केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. रस अनपेक्षित मिळाला की डोपामीन (बक्षिसाशी जोडलेलं मेंदूतलं एक रसायन) सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी जोरात चेतत. पुढे दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं, तेव्हा त्या पेशी दिव्यालाच चेतू लागल्या, रस आल्यावर नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही तर? पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. म्हणजे ठरलेलं बक्षीस मिळालं तर विशेष काही वाटत नाही, चुकलं तर मात्र नुकसान नोंदलं जातं. भरलेलं स्टेडियम रोजचं झालेल्या गायकाला ओसरती गर्दी का बोचत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. माकडाच्या रसाची आणि माणसाच्या टाळ्यांची तुलना पूर्ण नाही, पण दिशा तीच आहे.

किशोरवयात बक्षिसाला प्रतिसाद देणारी ही यंत्रणा विशेष तीव्र असते. तिला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडतच राहतो. शिवाय आपण कोण, हे शोधण्याचं हेच वय. डोना रॉकवेल आणि डेव्हिड जाइल्स यांनी २००९ मध्ये १५ नामवंतांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसिद्ध माणसाचे दोन भाग पडतात, असं त्यात दिसलं: एक लोकांना दाखवायचा, दुसरा घरातला. चाळिशीत प्रसिद्धी मिळाली तर घरातला माणूस तयार तरी असतो. सोळाव्या वर्षी तो अजून घडायचाच असतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मार्क बेलिस आणि सहकाऱ्यांची २०१२ ची पाहणी. त्यांनी १,४८९ रॉक आणि पॉप कलावंतांची माहिती तपासली. एकट्याने गाणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण बँडमधल्यांच्या साधारण दुप्पट निघालं. बँडमधल्या सोबत्यांचा आधार हे त्याचं एक कारण असू शकतं, असं संशोधकांना वाटलं. मला ते पटतं, कारण बँडमधल्या मुलाला त्या वादळात त्याच्यासोबत असलेली दोन-चार माणसं तरी भेटतात. ज्यांचे मृत्यू नशा किंवा तत्सम धोक्यांशी जोडलेले होते, त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी बालपणीच काही ना काही आघात सोसला होता. तेव्हा सगळा दोष प्रसिद्धीच्या माथी मारता येत नाही.

याच गटाच्या २००७ च्या अभ्यासात, प्रसिद्धीनंतरच्या ३ ते २५ वर्षांत कलावंतांचा मृत्युदर सर्वसामान्यांच्या १.७ पटींहून अधिक आढळला होता. २५ वर्षं उलटल्यावर युरोपीय कलावंतांचा धोका इतरांच्या पातळीकडे खाली येऊ लागला. उत्तर अमेरिकेतल्या कलावंतांचा मात्र तेव्हाही वरच राहिला.