व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज चढतो तेव्हा

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी माळे रिकामे होतात आणि वर्षभर झोपलेले व्हॅक्यूम क्लीनर खाली उतरतात. मागच्या वर्षी शेजारच्या काकूंचं मशीन खेचेनासं झालं. दुरुस्तीवाल्याने ते न उघडताच सांगितलं, "मोटर गेली, आता नवीनच घ्या." भंगारात घालण्याआधी काकूंनी मला हाक मारली. मी बटण दाबलं. मशीन नेहमीपेक्षा बारीक, चढ्या आवाजात किंचाळत होतं. मोटर गेली असती तर ती अशी जोरात फिरली असती कशाला?

हा चढा आवाज नीट समजून घेतला, तर निम्म्या तक्रारी घरीच सुटतात. मिक्सरमध्ये वाटण घट्ट झालं की आवाज खाली जातो, कारण पात्यांना जोर लागतो. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये मोटर त्याच जातीची असते, पण घडतं नेमकं उलटं. तिथे मोटरचं काम म्हणजे पंख्याने हवा पुढे फेकत राहणं. वाट तुंबली की फेकायला नवी हवाच येत नाही आणि पंखा आतल्या आत तीच हवा घुसळत बसतो. काम कमी झाल्यामुळे मोटरचा वेग वाढतो आणि स्वर चढतो. त्या वेळी वीजसुद्धा कमी खर्च होते.

मुळात मशीन धूळ ओढतं असं आपण म्हणतो, पण धूळ आत ढकलते ती बाहेरची हवा. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे 1 लाख पास्कल असतो. पंखा आतला दाब थोडा उतरवतो आणि बाहेरची हवा ती तूट भरायला धावते, धुळीला सोबत घेऊन. चांगलं घरगुती मशीन, तोंड पूर्ण बंद असताना, साधारण 20 हजार पास्कलची तूट तयार करतं. साडेतीन सेंटीमीटर रुंद तोंडावर तळहात ठेवला, तर त्यावर जवळपास दोन किलोचा भार येतो.

हीच पहिली परीक्षा. पाइप काढा, मशीनच्या तोंडावर क्षणभर तळहात ठेवा. हात घट्ट चिकटला तर मशीन ठणठणीत आहे, दोष पाइपात, दांड्यात किंवा ब्रशमध्ये. काकूंच्या मशीनला माझा हात असा चिकटला की सोडवताना फट्‌ आवाज झाला. मग पाइप उभा धरून वरून मुलांची गोटी सोडली. ती खाली आलीच नाही. हँडलजवळच्या वळणात केसांची एक आकड्याची पिन आडवी अडकली होती. तिला केस, मग दोरे, मग पाडव्याच्या हाराचा जर असं करत करत अंगठ्याएवढं बोंडुक तयार झालं होतं. झाडूच्या काडीने ते बाहेर काढलं आणि मशीनचा आवाज खाली बसला. एवढ्यासाठी ते भंगारात जाणार होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हात चिकटलाच नाही, तर मात्र मशीनच्या आत बघायचं, आणि तिथे पहिला संशय पिशवी-फिल्टरवर. 1901 मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने एका रेस्टॉरंटमध्ये खुर्चीच्या गादीवर रुमाल टाकून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला आणि त्याला यंत्राची कल्पना पक्की सुचली. तो रुमाल म्हणजेच आजचा फिल्टर: हवा जाऊ द्यायची, धूळ अडवायची. पण अडवलेली धूळच हळूहळू हवेलाही अडवते. आपल्या मुंबईत तर दर दुसऱ्या गल्लीत बांधकाम चालू असतं. सिमेंट, पीओपी, रांगोळी ही पिठासारखी पूड कापडाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि पिशवी अर्धी रिकामी असतानाच श्वास कोंडतो. घराच्या रंगकामानंतरची पूड साध्या मशीनने ओढूच नका. ती फिल्टर ओलांडून बेअरिंगपर्यंत पोचते.

धुता येणारा स्पंजचा फिल्टर धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. पावसाळ्यात त्याला दोन दिवससुद्धा लागतात. ओल्या फिल्टरवर धुळीचा चिखल होतो आणि ओलसर हवा थेट मोटरवर जाते. कोरड्या कचऱ्यासाठीच्या घरगुती मशीनमध्ये बहुधा हीच खेचलेली हवा मोटर थंड ठेवते. म्हणून वाट तुंबलेलं मशीन चालवत राहिलं की मोटर तापते आणि आतला सुरक्षा-स्विच ते बंद पाडतो. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरू झालं, तर फिल्टर आणि पाइप तपासा.

मशीन अजिबात हूं की चूं करत नसेल तर आधी सॉकेट पाहा. 1400 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर सुमारे 6 अँपिअर घेतं. जुन्या चाळींतल्या सैल सॉकेटला तेवढंही जड जातं. प्लग गरम लागला तर सॉकेट बदलायला वायरमनला बोलवा. पुढचा संशय वायरवर, विशेषतः ती मशीनमध्ये शिरते त्या वाकाशी. इथून पुढे काहीही उघडायचं तर प्लग भिंतीतून काढूनच. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वायर ठीक आहे, पण मशीन मध्येच थांबतं, थोपटलं की चालतं, आत ठिणग्या दिसतात, तर कार्बन झिजलेत. फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर स्प्रिंगने टेकून वीज पोचवणारे हे ग्राफाइटचे दोन तुकडे. ते तांब्यापेक्षा मऊ असतात ते मुद्दाम: झिजायचंच तर स्वस्त तुकड्याने झिजावं. ग्राफाइटला गुळगुळीत राहायला हवेतली वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खूप उंच, अगदी कोरड्या हवेत उडणाऱ्या विमानांतले कार्बन भराभर झिजून जात. मुंबईच्या ज्या दमट हवेला आपण नावं ठेवतो, ती कार्बनांना मानवते.

जुना तुकडा सोबत घेऊन लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेलात, तर त्याच मापाची जोडी मिळण्याची चांगली शक्यता असते. बदलताना दोन्ही बदला, स्प्रिंग दबते ना ते बघा. नव्या कार्बनचं टोक सपाट असतं आणि तांब्याचा घेर गोल, त्यामुळे सुरुवातीला थोड्या ठिणग्या उडतात. पाइप न लावता मशीन दहा मिनिटं मोकळं चालू ठेवा. टोक घासून घेराशी जुळत जातं, ठिणग्या बारीक होत जातात आणि खरखर कमी होऊन आवाज एकसारखा लागतो.